उसन्या भांडणात हरवलेले घर

गेल्या महिन्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची सभा दोन तास चालली. एरवी पाण्याचा टँकर आणि पार्किंग एवढ्यावर ती पाऊण तासात आटोपते. या वेळी विषय निराळा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना आपला वन बीएचके भाड्याने द्यायचा होता आणि त्यांना भाडेकरू मिळाली होती ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, तिशीची एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेली पण स्त्री म्हणून जगणारी. तिची अनामत रक्कम तयार होती, पगाराच्या स्लिपा होत्या, पोलीस पडताळणीला तिची ना नव्हती. सभेत मात्र पहिल्या दहा मिनिटांत चर्चा पॅरिसला पोहोचली. २०२४च्या ऑलिंपिकमधल्या अल्जीरियाच्या मुष्टियोद्धीचा फोटो एकाने मोबाइलवर दाखवला. दुसऱ्याने 'कायद्यातली स्त्री म्हणजे जन्माने स्त्री' असे ठरवणारा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२५चा निकाल सांगितला. तिसऱ्याला अमेरिकेतल्या शाळांच्या स्वच्छतागृहांची काळजी होती. मग दोन-तीन तरुण उठले आणि त्यांनी सत्तरीच्या एका आजींना "तुम्ही ट्रान्सफोबिक आहात" असे सुनावले. आजींना त्या शब्दाचा अर्थ कळला नाही, अपमान तेवढा कळला. ती मुलगी सध्या राहते कुठे, हे दोन तासांत एकानेही विचारले नाही. फ्लॅट तिला मिळाला नाही.

मीही त्या सभेत गप्प बसलो होतो आणि ती टोचणी अजून जात नाही. जे तेव्हा बोलायला हवे होते ते इथे लिहितो. पारलिंगी माणसांचा प्रश्न आपल्याकडे आधी छपराचा, रोजगाराचा आणि पोलीस ठाण्यात मिळणाऱ्या वागणुकीचा आहे. 'स्त्री कोणाला म्हणायचे' हा तंटा खरा आहे, त्यातले काही पेच अवघडही आहेत, पण ते ज्या त्या ठिकाणी, ज्या त्या कारणापुरते सोडवता येतात. ते सुटेपर्यंत एका माणसाला दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि ज्या खेळाडूचा फोटो त्या दिवशी हातोहात फिरला ती तर पारलिंगी नव्हतीच. ती जन्मापासून मुलगी म्हणून वाढली. तिच्या पात्रतेवरचा वाद काय असेल तो असो, कोथरूडमधल्या भाडेकराराशी त्याचा संबंध काय?

या शहराने असा वाद आधी घातलेला आहे. मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे दुभंगले होते. त्याआधी बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा पोकळ नव्हता. पारतंत्र्यातल्या माणसाला तो पटावा असाच होता. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. याच आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आज तो सगळा वाद वाचताना एक गोष्ट खुपते. आवाज चढत गेला तशी ती मुलगी बोलण्यातून नाहीशी होत गेली. सरकारचा अधिकार किती आणि शास्त्रवचनाचा अर्थ कोणता, यावर स्तंभच्या स्तंभ भरले. आमच्या सभेत तेच झाले, फक्त शास्त्रवचनांच्या जागी व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड होते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो. तो ऑलिंपिकमधून आलेला नाही, तो सिग्नलवरचा आहे. लग्नघरी, नव्या दुकानाच्या पूजेला, बारशाला न बोलावता येऊन हजारोंची मागणी करायची, कमी दिले तर शिव्याशाप द्यायचे, कपडे वर करण्याची धमकी द्यायची, हे काही तृतीयपंथीयांकडून, म्हणजे हिजडा समूहातल्या माणसांकडून, घडते. माझ्या भाचीच्या बारशाला घडले आहे. घरात बाळंतीण होती, ती घाबरून रडू लागली होती. अशा वेळी "ही आमची बधाईची परंपरा आहे" असे कोणी म्हणाले तर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते, आणि नसावेही. परंपरेने मागितलेला मान आणि धाकाने उकळलेला पैसा यांतला फरक कार्यकर्त्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सांगायला हवा होता. पुष्कळांनी तो सांगितला नाही. त्यामुळे पुणे पोलिसांनी एप्रिल २०२४मध्ये कलम १४४खाली आदेश काढला तेव्हा शहरातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तृतीयपंथीयांनी चौकाचौकांत जमून वाहनचालकांकडून पैसे मागू नयेत, बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी किंवा समारंभाला जाऊ नये, अशी ती मनाई होती. तसाच आदेश त्याच्या आदल्या वर्षी नागपुरात निघाला होता.

त्या सुटकेच्या भावनेची मला चीड नाही, तरीही तो आदेश मला मान्य नाही. धमकावून पैसे घेणे हा खंडणीचा गुन्हा आहे. दंडसंहितेत त्यासाठी ३८४ कलम होते, आता भारतीय न्याय संहितेत ३०८ आहे. ज्याने खंडणी मागितली त्याला पकडा, मग तो कोणीही असो. गणपतीच्या आधी वर्गणीसाठी दुकानदाराला दमदाटी करणारी पोरे या शहराने पाहिलेली नाहीत काय? त्यांच्यावर गुन्हे नोंदवतात आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून 'वीस ते तीस वयाच्या तरुणांनी चौकात जमू नये' असा आदेश कोणी काढला आहे का? एकाचा गुन्हा अख्ख्या जमातीच्या नावावर लिहिला की त्या लॅबमधल्या मुलीलाही सिग्नलवर थांबताना खाली मान घालावी लागते. तिने कधी कोणाकडे रुपया मागितलेला नसतो.

जमातीच्या नावावर गुन्हा लिहिण्याची ही रीत कुठून आली, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा म्हटले की आपल्याला पारधी, कैकाडी आणि सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे आठवतात. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांची नोंदवही ठेवायची, नोंद झालेल्याने रस्त्यावर बायकी कपडे घातले किंवा पैसे घेऊन नाचगाणे केले तर वॉरंटशिवाय अटक करायची आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यायची, अशी त्यातली तरतूद होती. नोंदवलेल्या व्यक्तीला दत्तक घेता येत नसे, मृत्युपत्र करता येत नसे. निजामानेही १९१९मध्ये तसाच कायदा केला, आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा तेलंगणच्या उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कधी, तर जुलै २०२३मध्ये. ज्यांना नाचल्याबद्दल तुरुंगात घातले, ज्यांची वारसाहक्काची वाट बंद केली, त्यांच्या पुढच्या पिढ्या हात पसरून जगल्या, याचे नवल वाटायचे कारण काय? पारध्यांना आपण हाच प्रश्न शंभर वर्षे विचारला, 'तुम्ही चोऱ्या का करता?' आणि त्यांना कामावर मात्र ठेवले नाही.

कामावर ठेवले की काय होते, याचे उदाहरण लांब नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि शहर स्वच्छ ठेवणाऱ्या पथकांत घेतले. पालिकेच्या दारात गणवेशातली तृतीयपंथी व्यक्ती उभी आहे, ती आपल्याला कुठल्या मजल्यावर जायचे ते सांगते आहे, हे दृश्य ज्याने पाहिले त्याच्या मनातली भीती कोणत्याही व्याख्यानाशिवाय कमी होते. पण असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०११च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ माणसांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. साक्षरता जेमतेम ५६ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४च्या 'नालसा' निकालात त्यांना मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्यावे असे सांगितले होते. कर्नाटकाने २०२१मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. आपल्याकडे पोलीस भरतीच्या अर्जात नुसता रकाना मिळावा म्हणून इच्छुकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर सरकार हलले. भीक मागू नका म्हणायचे, पोलिसात भरती व्हायला आले तर अर्ज घ्यायचा नाही, घर भाड्याने मागितले तर सभा भरवायची. मग या माणसांनी जावे कुठे?

जातात ते हिजडा घराण्यातल्या गुरूकडे. मुलगा बायकी चालतो म्हणून बापाने पट्ट्याने मारले, शाळेत पोरांनी छळले, पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटले, अशी गोष्ट दर दुसऱ्या चेल्याकडून ऐकायला मिळते. त्या रात्री दार उघडणारा गुरूच असतो. तो जेवण देतो, नाव देतो, आजारपणात उशाशी बसतो. इथे मला कार्यकर्त्यांशीही भांडायचे आहे. गुरू-चेल्याच्या नात्याचे गोडवे गाताना 'बाजार मागून', म्हणजे दुकानोदुकानी हात पसरून, आणलेल्या पैशातला वाटा कोणाकडे जातो, गुरू बदलायचा तर पंचांसमोर किती दंड भरावा लागतो, चेल्याला शिकायचे किंवा नोकरी करायची असेल तर घराण्यात त्याची काय गत होते, याविषयी ते बोलायचे टाळतात. आपल्या माणसांची उणी बाहेर काढली तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, ही भीती मी समजू शकतो. पण दलित चळवळीने, स्त्रीचळवळीने आपल्यातले दोष झाकून काय मिळवले? सिग्नलवर उभ्या असलेल्या चेल्याला दोन्हीकडून सोडवायचे आहे, पोलिसाच्या दंडुक्यापासून आणि घराण्याच्या दंडापासूनही.

दुसरा मोठा आक्षेप स्त्रियांचा आहे, आणि तो विचारणाऱ्या बायकांना लगेच प्रतिगामी ठरवणे मला पटत नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना २०११मध्ये मिळाल्या. त्यामागे कितीतरी वर्षांची झुंज आहे. 'मी स्वतःला स्त्री मानते' एवढे म्हणणाऱ्या कोणालाही त्या जागा, वसतिगृहे, तुरुंगातल्या बराकी खुल्या करायच्या का, ही शंका रास्त आहे. पण आपल्याच न्यायालयांनी तिला कसे उत्तर दिले, ते पाहू. मध्य प्रदेशात कटनीच्या महापौरपदी लोकांनी कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला निवडून दिले होते. जागा स्त्रियांसाठी राखीव होती म्हणून न्यायालयाने ती निवड रद्द केली. दोन दशकांनी, जानेवारी २०२१मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीचा ग्रामपंचायतीचा अर्ज नेमक्या त्याच कारणाने फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला, पण एक गोष्ट बजावून: आता स्त्री ही ओळख घेतली आहे ती आयुष्यभराची, उद्या सोयीसाठी पुन्हा पुरुषांच्या रांगेत उभे राहता येणार नाही. अंजली पाटील त्या निवडणुकीत विजयी झाल्या. मला या निकालातला विवेक मोठा वाटतो. त्याने त्या व्यक्तीची ओळख नाकारली नाही आणि राखीव जागेची राखणही सोडली नाही.

या निकालातून मला एक कसोटी दिसते. ओळख माणसाची असते, ती त्याने सांगायची. हक्क मात्र निरनिराळ्या हेतूंनी दिलेले असतात, आणि कोणता हक्क कोणाला, हे त्या हेतूवरून ठरवावे. रेशनकार्ड, बँकेचे खाते, भाड्याचे घर, दवाखान्यातली खाट यांत शरीराची चौकशी करण्याचे काहीच कारण नाही. धावण्याच्या किंवा मुष्टियुद्धाच्या स्पर्धेत शरीर हाच विषय असतो. तिथे वर्ल्ड ॲथलेटिक्सने २०२३मध्ये, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी खेळाडूंना स्त्रियांच्या गटात प्रवेश नाकारला. त्या निर्णयावर वाद घालता येईल, पण त्याला सरसकट द्वेष म्हणणे मला मान्य नाही. उलट बाजूने, घाईघाईच्या लिंगचाचण्यांची किंमत कोण मोजते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनचे २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतले आठशे मीटरचे रौप्यपदक अशाच चाचणीनंतर काढून घेतले. ती पारलिंगी नव्हती, वीटभट्टीवरच्या मजुराची मुलगी होती. संशयाच्या वावटळीत सापडतात त्या बहुधा अशाच, ज्यांच्यासाठी बोलायला कोणी नसते.

मुलांचा मुद्दा थोडक्यात घेतो. आपली लिंगओळख वेगळी सांगणाऱ्या मुलांना वयात येणे रोखणारी औषधे द्यावीत का, यावर ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४च्या अहवालानंतर सावध भूमिका घेतली गेली आणि अशा बाबतीत सावधपणा असावा हे मलाही पटते. पण मुलांच्या शरीरावरच्या कायमच्या बदलांची ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी आपल्या इस्पितळांकडेही पाहावे. जन्मतः लिंग स्पष्ट नसलेल्या तान्ह्या बाळांना 'नीट' करण्यासाठी शस्त्रक्रिया केल्या जातात, बाळाला विचारण्याचा प्रश्नच नसतो. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये याविरुद्ध निकाल दिला आणि तमिळनाडू सरकारने जीव धोक्यात असल्याखेरीज अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. त्या बंदीसाठी आमच्या सभेतला एकही चिंतातुर आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

आणि कायदा कोणाच्या बाजूने झुकला आहे? पारलिंगी लोकांना फार लाडावून ठेवले आहे, असे त्या सभेत एक गृहस्थ म्हणाले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९चा कायदा संमत झाला तेव्हा त्याच्या अठराव्या कलमात पारलिंगी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे. १ जुलै २०२४पासून न्याय संहिता लागू झाली, तीत जुने ३७७ कलमही उरले नाही, त्यामुळे पारलिंगी व्यक्तीवरच्या बळजबरीसाठी जे एक कलम वापरता येत असे तेही गेले. याला लाड म्हणायचे? एकाच जखमेची किंमत जखमी माणूस पाहून पाचपट कमी होते, हे त्या गृहस्थांना ठाऊक असते तर ते तसे म्हणाले नसते असे मला वाटते. ते दुष्ट नाहीत, त्यांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

सांगण्याच्या पद्धतीवर म्हणूनच मी अडून बसतो. आमच्या कर्वे पुतळ्यावरून रोज हजारो लोक जातात. त्या धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले. ज्या गोष्टी उच्चारायलाही लोक धजत नव्हते त्यांवर वाचक पत्रे लिहीत आणि रघुनाथराव त्यांना साध्या मराठीत, न चिडता उत्तरे देत. त्यापायी खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. विचारणाऱ्याचे अज्ञान हा रघुनाथरावांच्या लेखी गुन्हा नव्हता. आमच्या सभेतल्या तरुणांची बाजू न्यायाची होती, पण त्यांचे शब्द इंग्रजी समाजमाध्यमांवरून जसेच्या तसे उचललेले होते. त्या आजींना तुळजापूरच्या, सौंदत्तीच्या वाटेवरचे, देवीला वाहिलेले, लुगडे नेसणारे जोगते ठाऊक आहेत, त्यांच्या परडीत जोगवा घालून त्या मोठ्या झाल्या. तिथून बोलणे सुरू केले असते तर त्या पाच पावले पुढे आल्या असत्या. शिवाय खुद्द समूहातही एकमत कुठे आहे? कोणाला 'तृतीयपंथी' हा शब्द तिसऱ्या पायरीवर बसवणारा वाटतो, कोणी 'हिजडा' हा शब्द अभिमानाने मिरवते. किन्नर आखाड्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींच्या, अयोध्येतल्या राममंदिराला पाठिंबा देणाऱ्या भूमिकेला २०१८मध्ये समूहातल्याच अनेकांनी जाहीर विरोध केला. बाईच्या शरीरात जन्मलेल्या पारलिंगी पुरुषांना तर या सगळ्या कोलाहलात कोणी हिशेबातही धरत नाही. ज्यांच्यात इतके मतभेद आहेत त्यांच्या वतीने बोलताना एखादा प्रश्न विचारल्याबद्दल म्हाताऱ्या बाईला गप्प करायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७मध्ये ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले. तृतीयपंथी सरपंच म्हणून त्याची राज्यभर चर्चा झाली. तिथल्या मतदारांनी लिंगभावाच्या सिद्धांतांवर परिसंवाद घेतला असेल असे मला वाटत नाही. माणूस ओळखीचा होता, कामाचा वाटला, मत दिले. शहरात आपण ओळख होण्याची वेळच येऊ देत नाही, दारातूनच परत पाठवतो.

पुण्याच्या सुधारकांचा यातला क्रम मला फार मोलाचा वाटतो. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या बायकांचे शील काय, शास्त्र त्यांच्याविषयी काय म्हणते, याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नाहीत. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हा विधवाविवाहाचा वाद मिटला नव्हता, विकोपाला गेला होता. त्यांनी आधी छप्पर दिले. वाद पुढे तीस-चाळीस वर्षे चालू राहिला, तो त्या छपराखाली झोपलेल्या बायकांना भोवला नाही.

सभेनंतर आठ दिवसांनी मी काकूंकडे जाऊन त्या मुलीची चौकशी केली. ती भोसरीला एका मैत्रिणीच्या खोलीत राहते, खोलीत चौघीजणी आहेत. लॅब सकाळी सातला उघडते, म्हणून ती पाचला घर सोडते आणि दोन बस बदलून कोथरूडला येते. आमच्यापैकी कितीजणांच्या रक्ताचे नमुने तिच्या हातून गेले असतील, कोण जाणे. मी सचिवांना लेखी पत्र दिले आहे: भाडेकरूविषयी सोसायटीने पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत करार एवढेच पाहावे, सर्वांसाठी तेच पाहावे, आणि गेल्या सभेतला तोंडी निर्णय इतिवृत्तातून काढून टाकावा. पत्रावर आतापर्यंत सहा सह्या झाल्या आहेत. त्यांतली एक त्या आजींची आहे. पुढची सभा येत्या रविवारी आहे आणि काकूंचा फ्लॅट अजून रिकामा आहे.